सुरतला गेलेला प्रेमराज

गृहकर्ज कंपनीच्या मॅडम दुपारी चारला पत्ता पडताळायला येणार होत्या आणि प्रेमराज सकाळी सहापासून घाबरलेला होता. घाबरणारच हो. सहा वर्षांपूर्वी पारोळ्यात त्याचा पाण्याच्या जारचा प्लँट होता. एका उन्हाळ्यात बोअर आटलं, दिवाळं निघालं आणि बँकेनं राहतं घर लिलावात काढलं. तेव्हापासून तो आणि त्याची आई धुरपदाबाई समोरच्याच दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होते. रोज दार उघडलं की समोर आपलंच घर आणि त्याच्या ओट्यावर दुसऱ्याचे कपडे वाळत. आता त्या दुसऱ्याची बदली झाली होती आणि घर विकायला निघालं होतं. प्रेमराजला कापसाच्या जिनिंगमध्ये पगाराची नोकरी होती, पण आठ ठिकाणी नकार मिळाला. संगणकात नाव टाकलं की जुनं थकलेलं कर्ज दिसायचं आणि साहेबाचा चेहराच उतरायचा. ही नववी कंपनी. हिनंही नाही म्हटलं तर घर कायमचं गेलं.

अडीच वाजता तो चहासाठी साखर घेऊन गल्लीत वळला, तर हातात हेल्मेट, काखेत फाइल असा एक माणूस समोर उभा.

"प्रेमराज पाटील कुठे राहतात हो?"

फाइलवाल्याला काय सांगायचं, हे त्या गल्लीत पोरासोरांनाही पाठ होतं. वसुलीवाले येत तेव्हा साऱ्यांनी मिळून एकच उत्तर ठरवलं होतं. प्रेमराजच्या तोंडून ते आपसूक निघालं.

"तो सुरतला गेला. झाली की पाच वर्षं."

माणसानं ते लिहून घेतलं आणि याचं नाव विचारलं. प्रेमराजनं शेजाऱ्याचं सांगितलं, नवल.

"बरं झालं. शेजारी म्हणून इथे सही करा. आमच्या मॅडम रजेवर आहेत, म्हणून मी आलो. अर्जदार राहतच नसेल तर प्रकरण बंदच करावं लागणार."

प्रेमराजच्या तोंडचं पाणी पळालं. खरं बोलावं तर आपण खोटारडे ठरतो, गप्प बसावं तर घर जातं. तेवढ्यात खरा नवल दारात आला आणि फाइल पाहून, कुणी न विचारताच, मदतीला धावला.

"प्रेमराजले धुंडी राह्यनात का? तो सुरतले गया."

फाइलवाल्या साहेबांनी एकदा खात्री करावी म्हणून अर्जावरचा नंबर लावला. फोन प्रेमराजच्या खिशात वाजला.

"नवलभाऊ, तुमचा फोन," साहेब म्हणाले.

"साहेब, मीच प्रेमराज."

"मग नवल?"

"मी," नवल एक पाऊल मागे सरकत म्हणाला.

साहेबांनी दोघांना नीट पाहून घेतलं. मग म्हणाले, की त्यांनीही तीन वर्षं वसुलीत काढली होती. या गल्लीत अकरा खेपा झाल्या, अकराही वेळा हेच ऐकलं, प्रेमराज मात्र आज पहिल्यांदा भेटला. त्यांनी आधीचं खोडून 'राहतो' असं लिहिलं. आता सहअर्जदार म्हणून आईची सही तेवढी राहिली होती. ती झाली की कर्ज मंजूर व्हायला हरकत नव्हती.

प्रेमराज धावत घराकडे गेला, मागोमाग नवल आणि साहेब. दाराला बाहेरून कुलूप. नवलनं मान खाली घालून खिशातून किल्ली काढली.

"फाइलवाला दिसना म्हनीसन धुरपदाअक्कानी लावाले सांगं."

कुलूप निघालं, पण आतून कडी होती.

"माय, कवाड उघड," प्रेमराज रडकुंडीला आला होता. "हाऊ मानूस घर लेवाले नही उना. घर देवाले उना शे."

मग दाराजवळूनच धुरपदाबाईंचा आवाज आला.

"मांगला बँकवाला बी आसंच बोलना व्हता."

शेवटी कडी निघाली. दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला.

"कागद दे, आनि मना चष्मा धुंडी दे. या खेपले बठ्ठं वाचीसन सही करसू."

फाइल बेचाळीस पानांची होती. साहेबांनी हेल्मेट ओट्यावर ठेवलं आणि शेजारी बसले.