न पेटवायचा पाइप

भागुजीनानांच्या तोंडातल्या पाइपाला मी सौजन्य म्हणून काडी लावली आणि त्यांच्या मिशीचं डावं टोक गेलं.

चूक सर्वस्वी माझी. समोरचा माणूस पाइप दातांत धरून खिसे चाचपतोय म्हटल्यावर त्याला काडेपेटी हवी असणार, असं कुणालाही वाटेल. नाना चष्मा शोधत होते. पाइप रिकामा होता, रिकामाच राहणार होता. जळकी मिशी चोळत ते एवढंच म्हणाले, "भाऊसाहेब, इचारायचं तरी."

त्या मिशीचं प्रायश्चित्त म्हणून पुढचे कितीतरी रविवार मी नानांना स्कूटरवर मागे बसवून नगरभर पाइप शोधत हिंडलो.

नाना आमच्या शेजारी राहतात. मूळचे खर्ड्याकडचे. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. उसाच्या गाड्या तोलता तोलता त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट तोलायची सवय लागली. कुणी काहीही सांगितलं, तरी नानांचं उत्तर ठरलेलं: "आधी काट्यावर येऊ द्या." पावसाचा अंदाज असो, कॉलनीच्या अध्यक्षांचं आश्वासन असो, की माझ्या बढतीची बातमी असो. बढती अजून काट्यावर आलेली नाही, तो भाग वेगळा.

पन्नास वर्षं नानांनी तंबाखू खाल्ली. मग गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला. डॉक्टर म्हणाले, आत्ता सुटली तर वाचाल, पुन्हा लावलीत तर माझ्याकडे येऊ नका. पुण्याची लेक येऊन रडून गेली. नानांनी त्याच संध्याकाळी तंबाखू-चुन्याची डबी वॉचमनला देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मागायला गेले. वॉचमन भला माणूस, त्याने डबी हरवली म्हणून सांगितलं.

तोंडात काहीतरी धरत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लवंगेनं जीभ भाजली. बडीशेप नाना मुठीमुठीनं खायला लागले, तेव्हा वाण्यानं विचारलं, घरी काही कार्य आहे का? मग लहानपणी कॅम्पात पाहिलेला एक लष्करी साहेब नानांना आठवला. पाइप कायम तोंडात, पेटलेला असो वा विझलेला. "त्याचं तोंड कसं गुतल्यालं ऱ्हायाचं," नाना म्हणाले. "आपल्याला तसला पायजे. सस्ता पायजे आन तोंडाला सुखाचा पायजे."

पहिला त्यांनी स्वतःच जुन्या बाजारातून आणला होता; मी काडी लावली तो हाच. स्वस्त होता, पण कुठल्या तरी परक्या माणसाच्या तोंडाचा वास येत होता. मी म्हटलं, उकळून घ्या, निर्जंतुक होईल. नानांनी उकळला. दांडी मऊ होऊन अशी वाकली, की पाइपाचं तोंड खाली जमिनीकडे बघायला लागलं. हा सल्ला माझा होता, हे नानांनी कॉलनीत कुणालाही सांगितलं नाही. मीच सांगितलं, कारण मला वाटलं तो विनोद आहे. कुणी हसलं नाही.

दुसरा शाळेच्या गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देणाऱ्याकडचा. प्लॅस्टिकचा, एकदम हलका, पण श्वास सोडला की शिट्टी वाजायची. नाना दुपारी तो तोंडात ठेवूनच झोपले. समोरच्या बाईंनी कुकर समजून दोनदा गॅस बंद केला.

तिसरा खरा होता. काचेच्या कपाटात, मखमलीवर. नानांनी तो तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि वजन सांगितलं. मग किंमत विचारली, आणि पाइप जसा उचलला त्याहून हळू परत ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "एवढ्यात शेळी येती. आन ती दूध देती."

चौथा पाइप ही माझी कल्पना. आमच्या ओळखीच्या सुताराकडून बाभळीचा करून घेतला. तळहातावर घेऊन नाना म्हणाले, "साठ ग्रॅम." बायकोनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर दीडशेच्या पुढे गेला. नाना काट्याकडे बघत म्हणाले, "ताई, काटा दुरुस्त करून घ्या." तोच पाइप तोंडात घेऊन त्यांनी कॉलनीच्या अध्यक्षांना नमस्कार केला. पाइप खाली आला आणि त्याच्याबरोबर खालची कवळीही आली. अध्यक्षांनी दोन्ही वस्तू अदबीनं उचलून दिल्या, पण तेव्हापासून ते नानांना लांबूनच नमस्कार करतात.

मग मी मोबाईलवर मागवला. फोटोत फारच रुबाबदार दिसत होता. पार्सल आलं ते काडेपेटीएवढं. उघडलं तर करंगळीएवढा पाइप आणि त्याला किल्ल्या अडकवायची कडी. बायको म्हणाली, "माप बघितलं नव्हतं?" मी म्हटलं, फोटोत मोठा दिसत होता. ती म्हणाली, "तुम्हीही लग्नाच्या फोटोत दिसला होतात."

खरं सांगायचं, तर मी वैतागलो होतो. रविवारी माणसानं झोपावं, ते सोडून मी भिंगारच्या गल्ल्यांतून म्हाताऱ्यांसाठी पाइप आहे का विचारत होतो. नाना मात्र दर वेळी हात हलवत परत निघायचे आणि खूष असायचे. मागे बसून माझ्या कानात सगळा कारखाना ओतायचे. कुठला गाडीवान रिकामी गाडी तोलताना बैल मुद्दाम काट्याबाहेर सरकवायचा, कोण उसाखाली दगड घालायचा, सगळं. मध्येच भेळेसाठी थांबायचं. भेळेचे पैसे तेच द्यायचे आणि तिखट जास्त म्हणून मलाच बोलायचे.

शेवटी भिंगारमध्येच एका जुन्या दुकानात तो सापडला. लाकडी, हलका, परवडेल असा. दांडीला थोडा बाक होता, त्यामुळे भार हनुवटीवर यायचा, कवळीवर नाही. नानांनी तो तोंडात धरून दुकानात चार फेऱ्या मारल्या, दुकानदाराशी भाव केला, खोकून पाहिलं, मला नमस्कार केला. कवळी जागच्या जागी राहिली. मी विजयी मुद्रेनं म्हणालो, "नाना, हाच. आता शोध संपला."

नाना म्हणाले, "व्हय. संपला म्हनायचा." परतताना ते कारखान्याबद्दल काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, आनंदानं गप्प आहेत. माझं माणसांचं ज्ञान साधारण या दर्जाचं आहे.

आठवड्यानं संध्याकाळी ऑफिसातून येताना नाना फाटकाजवळच्या लिंबाखालच्या बाकावर एकटेच दिसले. पूर्वी हा बाक कधी रिकामा नसायचा. नानांनी डबी काढली, की वॉचमन, रिक्षावाले, पेन्शनर कुठून कुठून यायचे. "नाना, जरा चुना." "नाना, एक चिमूट." नाना मळायचे, टाळी वाजवून भुकटी उडवायचे आणि आधी समोरच्याच्या हातावर ठेवायचे. तेवढ्यात कुणाचं सोयरिकीचं, कुणाचं हप्त्यांचं बोलून व्हायचं. तंबाखू सुटली तशी ती मंडळी पलीकडे रिक्षा स्टँडवर बसायला लागली. नानांच्या समोर खायचं नको, त्यांना मोह व्हायला नको, म्हणून. भल्या मनानंच.

नानांनी पाइप माझ्यापुढे धरला. "घ्या, भाऊसाहेब."

"का? टोचतो?"

"न्हाई न्हाई. लई झ्याक हाय. काट्यावर बराबर उतरलाय."

"मग?"

"ह्यातलं समोरच्याला काय द्यायचं?"

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो.

"परवा टपरीपातुर गेल्तो," नाना रस्त्याकडे बघत म्हणाले. "घेतलं काय न्हाई. लेकीची आन हाय. पन गेल्तो. तितं चार मानसं हुबी हुती."

"नाना, पुन्हा जाऊ नका तिकडे."

"न जायला काय हुतंय? पन दिस लई मोठा असतो, भाऊसाहेब."

अशा वेळी काहीतरी शहाणपणाचं बोलावं. मी म्हणालो, "सकाळी फिरायला जात चला." नानांनी मान डोलावली, जशी ते माझ्या सगळ्या सल्ल्यांना डोलावतात, आणि पाइप माझ्या हातात ठेवून घरात गेले. त्यांच्या घरात दिवा लागला, टीव्ही काही लागला नाही.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मी म्हणालो, "एवढा जीव काढून नेमका पाइप शोधून दिला, आणि आता हे टपरीकडे निघाले. माझं कुठं चुकलं, तेच कळत नाही."

"शोध संपला असं त्यांना तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो. मिळाला होता ना."

ती मेथीची जुडी सोडत म्हणाली, "पुणतांब्याला एक जण याच्याहून चांगले पाइप करतो, म्हणून सांगा त्यांना. रविवारी सकाळीच निघा. दशम्या मी देते."

"तुझ्या माहेरी? खरंच करतो कुणी?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "आणि मिळालाच एखादा चांगला, तर घेऊ नका."