एका घोटावर माल पास होत नाही

वेटरने नापासताईंच्या पेल्यात घोटभर वाइन ओतली आणि बाटली छातीशी धरून तो थांबला.

"एवढीच?" शिवणक्लासवाली मैत्रीण म्हणाली.

"आधी चाखून बघायची असते. चांगली आहे का ते सांगायचं," भूगोलाच्या बाई कुजबुजल्या.

चूक इथेच झाली. स्क्रूच्या कारखान्यात सव्वीस वर्षं माल तपासणाऱ्या बाईमाणसाला असं विचारायचं नसतं.

(शहराची सहल दोन दिवसांची. मैत्रिणी तीन, सोबत एक चष्मेवाले. ते भूगोलाच्या बाईंचे. म्हणजे, होऊ घातलेले. बाईंचं वय बावन्न. याआधीची दोन स्थळं नापासताईंनी परत पाठवली होती: एक चहा फुंकून प्यायलं म्हणून, दुसरं बोलताना पाय हलवत होतं म्हणून. आजचं फ्रेंच जेवण ही तिसरी तपासणी.)

नापासताईंनी घोट घेतला. "एका घोटावर अख्खा माल पास? दुसरी बाटली उघडा."

उघडली.

"आता तिसरी. तिन्ही जुळल्या पाहिजेत."

इथे गोष्ट जरा थांबते, कारण वेटर मालकांना आणायला गेला आहे.

मालक आले. "ताई, उघडलेल्या बाटल्या आम्ही परत घेत नाही."

"परत कोण देतंय? तपासणी चालू आहे!"

तर, माणसं चार, बाटल्या तीन. कांद्याचं सूप आलं, पास. लोण्यातल्या गोगलगायी आल्या. बारापैकी दोन आकाराने लहान, तरी पास! शिवणक्लासवालीचा घास हातातच राहिला. मग खुर्ची पास, मालकांच्या मिशा पास, शेजारच्या टेबलावरचं रडकं बाळ काठावर पास.

बाईंनी संधी साधली. "आणि हे गं?"

"थांब. खाताना बघू दे." नापासताईंनी चष्मेवाल्यांवर नजर रोखली. घाबरून त्यांनी गोगलगाय न चावताच गिळली.

"अहो, सावकाश! किती वेळा सांगायचं!" बाई ओरडल्या आणि त्यांच्या पाठीवर थापट्या मारू लागल्या.

नापासताईंनी काटा खाली ठेवला.

होऊ घातलेल्या माणसाला असं 'अहो' कुणी म्हणत नाही. हे पक्कं, घरातलं 'अहो' होतं.

"कधी?" नापासताईंनी विचारलं.

"गेल्या मंगळवारी. रजिस्ट्रारकडे सह्या करून टाकल्या," बाई म्हणाल्या. "तू यांनाही परत पाठवशील अशी धास्ती वाटली गं."

"साक्षीदार कोण?"

शिवणक्लासवाली सूपच्या रिकाम्या वाडग्यात काहीतरी शोधू लागली.

"म्हणजे माल गोदामात जाऊन पडला, आणि मी इथे फाटकावर तपासतेय!"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून डोळ्यांतलं पाणी पुसलं. "ताई, तुम्ही तपासा हो. काही निघालंच तर दुरुस्त करून घेऊ."

नापासताईंनी गोगलगायींची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"चावून खा, भाऊजी."