आधी वाचा, मग ओटीपी

“आधी काय लिहिलंय ते वाचून दाखवा, मग ओटीपी सांगतो.”

“अरे, दहा मिनिटांत एक्सपायर होतो तो! सांग चूपचाप!” शालिग्राम मास्तर खेकसले.

“होऊ द्या. दुसरा येईल. तो बी माझ्याच फोनवर येईल.”

हे खरं होतं. शालिग्राम मास्तरांचं बँकेचं खातं, आधार, गॅसचं बुकिंग, सगळं ज्या नंबराला जोडलेलं होतं तो नंबर त्यांच्या पोराच्या, समाधानच्या खिशात होता. म्हणून तर सिंधीपुऱ्यातल्या रितेशच्या रिटर्न भरायच्या दुकानात त्याला बोलवावं लागलं. समाधान आला, पण एकटा आला नाही. एका हाताला रजनीताईची चार वर्षांची सायली, आणि खांद्यावर एक झोपलेलं पोर, उन्हासाठी त्याच्या डोक्यावर गमछा टाकलेला.

समाधाननं अकरावीत शाळा सोडली होती. दीड वर्षापासून तो लालबागेतल्या नोकरीवाल्या बायांची पाच पोरं दिवसभर सांभाळायचा; आज त्यातली ही दोनच आली होती. एका पोराचे महिन्याला दोन हजार. अठरा पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते, म्हणून पैसे मास्तरांच्या खात्यात यायचे. मास्तर लोकांना सांगायचे, “पोरगा ऑनलाइन काम करतो.” त्यांच्या खानदानात कोणत्याच पुरुषानं पोरं सांभाळली नव्हती. स्वतःचीसुद्धा.

समाधान यायच्या आधी रितेशनं स्टेटमेंटवर बोट ठेवून विचारलं होतं, “काका, या पाच बाया दर एक तारखेला तुम्हाला पैसे कायले पाठवतात?” मास्तर म्हणाले, भिशी. रितेश म्हणाला, भिशीत पैसे जातात बी, हे तर नुसते येऊन राहिले. मग घाबरून मास्तरांच्या तोंडातून जे निघालं ते रितेशनं टाइप करून टाकलं. आता त्यानं तेच वाचलं.

“इतर उत्पन्न. ट्यूशन. एक लाख वीस हजार.”

“ट्यूशन?” समाधान भडकला. “नाकं मी पुसतो, चड्ड्या मी बदलतो, अन् ट्यूशन तुमची?”

“हळू बोल,” मास्तर कुजबुजले.

उशीर झाला होता. कोपऱ्यातल्या बाकड्यावरचा पेपर खाली आला. पेपरामागे मास्तरांच्याच सरकारी शाळेचे हेडमास्तर अरविंद सर बसले होते, स्वतःचं रिटर्न घेऊन.

“एक लाख वीस हजार,” सर म्हणाले. “शालिग्रामजी, सरकारी मास्तरला ट्यूशन बंद आहे, मालूम आहे ना? वरती कळवावं लागेल मला. नोकरीचा मामला आहे.”

“सर, ट्यूशन नाही,” समाधान म्हणाला. “मी पोरं सांभाळतो. पैसे माझे आहेत.”

“असं आहे का, शालिग्रामजी?”

मास्तर पंख्याकडे बघत राहिले. नोकरी गेली तरी चालेल, पण हे कबूल करणार नाही, असं त्यांचं तोंड झालं होतं.

समाधाननं फोन काढला, रजनीताईला लावला, स्पीकरवर टाकला. “ताई, इन्कम टॅक्सचं काम निघालंय. तुम्ही महिन्याला मला दोन हजार देता ना? एवढंच सांगा.”

इन्कम टॅक्सचं नाव ऐकताच रजनीताई घाईनं म्हणाली, “कोण समाधान? आम्ही नाही ओळखत. आम्ही कोणाला पैसे-बिसे देत नाही.”

“मम्मी, मी इथेच आहे!” सायली ओरडली.

फोन कट झाला.

सायलीच्या ओरडण्यानं खांद्यावरचं पोर जागं झालं. गमछा खाली पडला. पोरानं डोळे चोळले, बाकड्याकडे बघितलं आणि म्हणालं, “आबा!”

अरविंद सरांचा चष्मा नाकावरून घसरला. तो त्यांचा नातू गोटू होता. गोटू इंग्लिश प्ले स्कूलमध्ये जातो, हे सरांनी स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगितलं होतं की मास्तरांना ते पाठ होतं.

“हा इथे कसा?” सर उठले. “तेजस्विनी तर म्हणते प्ले स्कूल! सुनेच्या हातात मी दर महिन्याला पाच हजार फी ठेवतो!”

“मला दोनच येतात,” समाधान म्हणाला.

सर खाली बसले. त्यांनी रितेशला विचारलं, “मग बाकीचे तीन?”

“ते तेजस्विनीताईच्या रिटर्नमध्ये येतील, सर.”

सरांनी गोटूकडे हात पसरले. गोटूनं समाधानच्या मानेला अजून घट्ट मिठी मारली.

“ते ट्यूशन काढून टाका,” सर पेपर उचलत म्हणाले. “चुकून लिहिलं गेलं असेल.”

रितेशनं काढलं. “अन् काका, पहिलेच सांगायचं होतं ना. पोरानं स्वतःच्या मेहनतीनं कमावलेलं बापाच्या इन्कममध्ये जुडत नाही. तुमच्यात ते येतच नाही.”

“म्हणजे माझं काम कुठंच लिहायचं नाही?” समाधाननं विचारलं.

“कुठंच नाही. मस्त ना? तुझा टॅक्स बी शून्य.”

समाधाननं नव्यानं आलेला ओटीपी सांगितला. सहा आकडे त्यानं असे सांगितले जशा शिव्या द्याव्यात. रितेशनं बटण दाबलं. “हो गया काका.”

मास्तर उठले नाहीत. “याचं वेगळं भर,” ते म्हणाले.

“कायले? गरज नाही. शून्य आहे.”

“शून्य भर. पण भर.”

“पॅन काढावं लागेल. गार्डियन म्हणून तुमची सही लागेल.” रितेशनं नवीन फॉर्म उघडला. “अन् कामधंदा काय लिहू?”

मास्तरांनी अरविंद सरांकडे पाहिलं. सरांचा पेपर हलला नाही.

“लिही,” वर्गात हजेरी घेतात तेवढ्या मोठ्यानं मास्तर म्हणाले. “माझा पोरगा पोरं सांभाळतो. पाच.”

समाधाननं गोटूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“फोटो लागेल तुझा,” रितेश म्हणाला. “इकडे बघ.”

“नंतर.” समाधान भिंतीकडे तोंड करून उभा होता. “गोटूला सू लागलीये. मला जायला पाहिजे आता.”

“नाही लागली,” गोटू म्हणाला.