सहा टेट्रा आणि नियम क्रमांक चौदा

आमच्या घरात सहा मासे आहेत, ही बाब इमारतीच्या व्यवस्थापन समितीच्या निदर्शनास आली ती वरच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. काकू शिडी मागायला आल्या होत्या. शिडी न्यायची विसरल्या, मासे मात्र मोजून गेल्या.

तिसऱ्या दिवशी दारावर नोटीस लागली. ‘नियम क्रमांक चौदा अन्वये प्रत्येक सदनिकेस दोन पाळीव प्राणी अनुज्ञेय आहेत. आपणाकडील चार प्राणी अतिरिक्त असून ते आठ दिवसांत हटवावेत. अन्यथा समिती हटवेल.’

प्राणी म्हणजे ब्लॅक स्कर्ट टेट्रा. मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले, माझ्या अंगठ्याएवढे, आणि सगळ्यांनी एकाच शिंप्याकडून काळे घागरे शिवून घेतल्यासारखे दिसणारे. लेकीने वर्षभर हट्ट करून ते आणवले होते. दुकानदाराने तिला बजावलं होतं, ‘‘सहाच्या खाली ठेवू नकोस हं. कळपातले मासे आहेत. कमी झाले की एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात.’’ नोटीस वाचून ती ताटावरून उठलीच. मला फार वाईट वाटलं.

मी सेक्रेटरींकडे गेलो. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात मीठ मागितलं तरी आवक-जावक नोंद होते.

‘‘दोन ठेवा की,’’ ते म्हणाले. ‘‘सुटसुटीत कुटुंब.’’

‘‘अहो, दोनच ठेवले तर एकमेकांच्या शेपट्या खातील.’’

‘‘नियमात शेपटीचा उल्लेख नाही.’’

‘‘पण असला नियम केला कोणी?’’

त्यांनी इतिवृत्ताची वही काढली. ‘‘एकमताने मंजूर. हा बघा, तुमचाही हात वर.’’

मला आठवलं. त्या सभेत मी हात वर केला होता खरा, पण तो चहावाल्याला दिसावा म्हणून. हे मी सांगितलं. चहाचा उल्लेखही इतिवृत्तात नव्हता.

मात्र सेक्रेटरी मनाने वाईट नव्हते. त्यांनी तोडगा काढला. दोन मासे माझ्या नावावर, दोन काकूंच्या, दोन स्वतः सेक्रेटरींच्या. राहतील सगळे आमच्याच टाकीत. मी घरी येऊन लेकीला उचलून गोल फिरवलं.

अडचण आली ती प्रत्येक माशामागे भरायच्या नोंदणी अर्जात. ‘ओळखीची खूण’ या रकान्यात लेकीने सहाही अर्जांवर लिहिलं, ‘पोहतो.’ सेक्रेटरी टाकीसमोर खुर्ची टाकून तासभर बसले.

‘‘यातले माझे कोणते?’’

‘‘मघाशी उजवीकडे होते ते,’’ मी म्हणालो.

‘‘हे एका जागी का थांबत नाहीत?’’

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. मालकीचा घोळ टाळण्यासाठी टाकीत दोन काचा उभ्या कराव्यात आणि तीन कप्पे पाडावेत. दोन, दोन आणि दोन. लेक म्हणाली, ‘‘बाबा, नका ना.’’ मी काचा बसवल्या. आदेश लेखी होता.

चार दिवसांत सहाही घागऱ्यांच्या झालरी झाल्या. लेक टाकीकडे पाठ करून अभ्यास करू लागली. सेक्रेटरी तपासणीला आले आणि शेरा मारून गेले, ‘संख्या नियमानुसार. शेपट्या ही अंतर्गत बाब.’

मग काकू आल्या, राहिलेली शिडी न्यायला. जाता जाता म्हणाल्या, ‘‘बघू तरी माझे दोन.’’ बघितले, आणि त्यांचा आवाज तीन मजल्यांवर गेला.

‘‘माझ्या माशाची शेपटी कुणी खाल्ली?’’

‘‘तुमच्याच दुसऱ्या माशाने, काकू.’’

‘‘मुकी लेकरं! या काचा कुठल्या शहाण्याने घातल्या?’’ बाह्या सरसावून काकूंनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातले आणि दोन्ही काचा उपटून काढल्या. मासे क्षणभर बिचकले, मग सहाही जण एका कोपऱ्यात गोळा होऊन एकत्र फिरू लागले. लेक टाळ्या पिटत होती. काकू ओल्या हातांनीच सेक्रेटरींकडे निघाल्या.

तिथे काय झालं ते सेक्रेटरी सांगत नाहीत. एवढं खरं की संध्याकाळी नवा ठराव आला. नियम चौदा पाळीव प्राण्यांना लागू आहे. समितीच्या सदस्यांना नाही. सबब सदर सहा मासे ‘जलविषयक उपसमिती’चे सदस्य नेमण्यात येत आहेत.

शेपट्या आता पुन्हा भरल्या आहेत. लेक उपसमितीला दोन वेळा खाऊ घालते. वार्षिक अहवालात त्यांची खास नोंद झाली आहे: हजेरी शंभर टक्के, सर्व निर्णय एकमताने, विषय समोर आला की सदस्य तोंड उघडतात, मिटतात आणि सगळे मिळून एकाच दिशेला वळतात.

हसताय? हसा. पण तुमच्या इमारतीच्या मागच्या सभेत तुम्ही हात वर केला होतात, तो कशासाठी, हे एकदा वही मागून बघा.