जिभेचा उपवास

"लिहून ठेव! येत्या रविवारी या शिबिरात माझ्याइतकी आत्मिक वाढ झालेला माणूस दिवा घेऊन शोधलास तरी सापडायचा नाही!"

रेडिओने हे दात घासता घासता जाहीर केलं. त्याच्या खोलीतला पहिलवान अजून पांघरुणातच होता. तो म्हणाला, "आधी चूळ भर."

या मुलाला सगळे रेडिओ का म्हणत, हे वेगळं सांगायला नको. कॉलेजातली काही मुलंमुली सुट्टीत त्या गावात सेवा शिबिराला आली होती, त्यांतलाच हा एक. दिवसा कुणी बेकरीत, कुणी वाचनालयात, मिळेल तिथे काम करायचं, चार लोकांत मिसळायचं आणि संध्याकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसायचं. शिबिराची प्रमुख होती ताई. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, की ज्याच्यात खरा बदल दिसेल तो शेवटच्या रविवारी चर्चमध्ये साक्ष देईल, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगेल. झालं! रेडिओच्या तोंडाला पाणी सुटलं. हातात माइक, आणि समोर मध्येच उठून जाता न येणारे श्रोते!

अडचण एकच होती, बदल आणायचा कुठून? पहिलवानाने राग सोडला होता. बेकरीतल्या मुलीने मोबाइल सोडला होता. रेडिओची मात्र दोन महिन्यांत वाढली होती ती फक्त दाढी. शेवटी त्याने ठरवलं, आपण बोलणंच सोडायचं! रविवारपर्यंत जिभेचा उपवास! आणि उपवास करणाऱ्याने त्याचा गाजावाजा करू नये, हे तर कालच्याच अभ्यासात आलं होतं. म्हणजे कुणाला सांगायचं नाही. अगदी कुणाला म्हणजे कुणालाच नाही! इथेच माशी शिंकली.

तो कामाला होता लाँड्रीत. तिथली मालकीण मावशी बोलायला फटकळ, पण मनाने मऊ. नवरा गेल्यापासून तिने देवाशी अबोला धरला होता. चर्चचे पडदे धुऊन, इस्त्री करून ती वेळेवर पोहोचवायची, पण दारापर्यंतच. उंबरठ्याच्या आत पाऊल म्हणून टाकायची नाही.

सोमवारी रेडिओ आला आणि मुकाट्याने इस्त्रीला भिडला. एक चादर पुरी होईपर्यंत मावशीने वाट पाहिली.

"काय रे, बरं आहे ना?"

रेडिओने मान हलवली.

"घरी सगळं ठीक?"

पुन्हा मान.

"मग बोलत का नाहीस?"

आता काय करायचं? खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही! रेडिओने घशाकडे बोट दाखवून हात हलवला. यात खोटं काय होतं? आवाज घशातूनच येतो, आणि तो सध्या येत नव्हता!

मावशीने ताबडतोब मीठ टाकलेलं गरम पाणी पुढे केलं आणि दिवसभर त्याच्याकडून गुळण्या करून घेतल्या. संध्याकाळी ताईने त्याला धरून डॉक्टरांकडे नेलं.

"आता 'आ' म्हण," डॉक्टर म्हणाले.

रेडिओने नुसताच आ वासला. उपवास म्हणजे उपवास!

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, चष्मा पुसला आणि परत पाहिलं. "घसा तर ठणठणीत आहे. मग आवाज गेला कुठे?"

रोग सापडला तर माणूस निम्मा घाबरतो. सापडला नाही तर पुरता! ताईचा चेहरा पडला. डॉक्टरांनी हात टेकले, ही बातमी गावभर झाली. बेकरीत रेडिओच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, सलूनमध्ये ते बिघडलं, आणि बाजारात पोहोचेपर्यंत पोरगा जन्मतःच मुका होता! रेडिओला हे सगळं ऐकावं लागत होतं आणि एकही दुरुस्ती सुचवता येत नव्हती. इतका छळ त्याचा जन्मात कधी झाला नव्हता.

शुक्रवारी ताईने त्याच्यासाठी खास प्रार्थनासभा ठेवली. हॉल गच्च भरला. रेडिओला मधोमध स्टुलावर बसवून सगळ्यांनी त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवले. एवढ्यात दारात मावशी दिसली! ती क्षणभर घुटमळली, उंबरठा ओलांडून आत आली आणि मागे भिंतीपाशी उभी राहिली. तिने डोळे मिटले. ओठ हलू लागले. रेडिओला गलबलून आलं. आपल्यासाठी या बाईने देवाशी धरलेला अबोला सोडला!

तेवढ्यात प्रार्थनेच्या भरात पहिलवान एक पाऊल पुढे सरकला आणि सगळ्या वजनानिशी रेडिओच्या अंगठ्यावर उभा राहिला.

"आई गं! मेलो! पाय काढ की, बैला!"

आणि मग जो काही 'हालेलूया'चा गजर उठला! बैल म्हटल्याचं पहिलवानाला काहीच वाटलं नाही. तो ढसाढसा रडत प्रभूचे आभार मानू लागला.

"अहो, ऐका तरी! मी मुळात..."

"बोलू नकोस, घशाला ताण पडेल!" ताई डोळे पुसत म्हणाली. "जे सांगायचं ते रविवारी सांग. साक्ष तूच द्यायचीस!"

म्हणजे हवं होतं ते पदरात पडलं होतं, आणि आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! खरं सांगावं, तर मावशीचं काय? इतक्या वर्षांनी प्रार्थना केली आणि ती फळली, असं तिला वाटत असणार. सगळं नाटक होतं म्हटल्यावर ती पुन्हा कशाला या वाटेला येईल? आणि सांगू नये, तर चर्चमध्ये उभं राहून देवाच्या नावावर थाप मारायची! शनिवारी लाँड्रीत रेडिओने कितीदा तरी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"घसा परत बसला वाटतं?" मावशीने विचारलं.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या बाकावर मावशी बसली होती. रेडिओने माइक धरला.

"मला काहीही झालं नव्हतं," तो म्हणाला. "मी मुद्दाम गप्प होतो. देवासाठी म्हणत होतो, पण खरं तर हा माइक मिळावा म्हणून. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पहिलवान माझ्या पायावर उभा राहिला, एवढंच." त्याचा आवाज आता खरंच बसला. "मावशी, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केलीत. माझ्यामुळे देवावर पुन्हा रागावू नका. त्याची काही चूक नाही."

मावशी बाकावरून उठली. गेली! रेडिओने माइक खाली घेतला. पण ती गेली नाही. कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली.

"मला मंगळवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "मशीन चालू असलं की तू गातोस. मशीन थांबलं, तू कुठे थांबलास?"

म्हणजे उपवासही मंगळवारीच मोडला होता!

"मग शुक्रवारी तुम्ही प्रार्थना कसली केलीत?" रेडिओने विचारलं.

"कसली म्हणजे? दोन महिन्यांत पहिल्यांदाच माझं डोकं दुखायचं थांबलं होतं! इतक्या वर्षांनी देवापुढे उभी राहिले, म्हटलं, बाबा, शिबिर संपेपर्यंत या पोराला असंच राहू दे. दोनच दिवस उरले होते, दोनच मागितले! तर आमेन म्हणायच्या आत हा बोंबलला!"

सगळं चर्च हसायला लागलं. ताईसुद्धा.

"हसता काय?" मावशी कडाडली. "एक गोष्ट मागितली, तीही दिली नाही त्याने! आता जाब विचारायला पुढच्या रविवारी परत यावं लागणार मला!"

रेडिओला इतका आनंद झाला, की त्यावर त्याला पुष्कळ बोलायचं होतं. त्याने माइक पुन्हा तोंडापाशी नेला. मावशीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो खाली बसला.