चार शाळा आणि सादात आत्याची दोन खोल्यांची जागा

मुलीला शाळेत घालायचं म्हणजे पाण्याचं मीटर निवडण्यासारखंच आहे, असं सुयुनबेकचं मत होतं. नीट मोजलं की चूक होत नाही. बिश्केकच्या पाणीखात्यात एकोणीस वर्षं तो मीटरच तपासत होता, त्यामुळे एल्झादाला पहिलीत घालण्याची वेळ आली तेव्हा त्याने चार सरकारी शाळांचा तक्ता करायला घेतला.

तो प्रत्येक शाळेच्या फाटकाबाहेर घड्याळ घेऊन उभा राहिला. एका बाकावर मुलं किती, नळाला पाणी किती, मधल्या सुट्टीत पडतात किती, पडलेल्यांना उचलायला किती वेळाने कोण येतं, सगळं टिपलं. दोन शाळांच्या पहारेकऱ्यांनी त्यालाही टिपून ठेवलं.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाची, पॉपलरच्या झाडांमागची शाळा पहिली आली. शेवटची आली ती त्याच्या स्वयंपाकघरासमोरची, दारापासून तीस पावलांवरची. तिची घंटा रोज चार मिनिटं उशिरा वाजायची. सुयुनबेक सात वर्षं ती ऐकत होता.

"घंटा शिकवते का?" त्याची बायको पेरिझात म्हणाली.

"घंटा उशिरा म्हणजे सगळंच उशिरा."

"तुम्ही लग्नाला दोन तास उशिरा आला होतात. मी काही तक्ता केला नाही."

पण पॉपलरवाल्या शाळेत त्या भागात नाव नोंदलेल्यांचीच मुलं घेत. त्या भागात सुयुनबेकची सादात आत्या राहत होती, दोन खोल्यांत, एकटी. आत्याने एल्झादाचं नाव आपल्या पत्त्यावर नोंदवून घेतलं. काम झालं होतं. इथे सुयुनबेकने गप्प बसायला हवं होतं.

पण महिन्याभराने चुलतभावाकडे मेजवानी होती, आणि तक्ता खिशातच होता. भावांनी तो वाचला, शेजाऱ्यांनी त्याचे फोटो काढले. आठवड्याभरात सुयुनबेकच्या घरासमोरच्या शाळेतून तीन वर्गांची मुलं नावं काढून गेली आणि सुयुनबेकचे भाऊ एकेक करून आत्याच्या दारात उभे राहिले. भाच्याला नाही म्हणणं आत्याच्या स्वभावातच नव्हतं. ऑगस्टपर्यंत तिच्या दोन खोल्यांत पहिलीत जाणारी अकरा मुलं राहत होती. कागदावर.

मग शाळेची तपासणी समिती घरोघरी पत्ते पाहायला येणार असल्याचा निरोप आला.

शनिवारी सकाळी अकराच्या अकरा मुलं आत्याकडे हजर झाली. सुयुनबेकने अकरा दात घासायचे ब्रश आणले आणि एका पेल्यात खोचले. पेला उभा राहीना. मुलांकडून त्याने पत्ता पाठ करून घेतला, मजल्यासकट.

समिती म्हणजे कालिपा एजे, म्हणजे कालिपाताई, ही एकटीच बाई आणि तिची फाइल. दारातच आत्याने पाव पुढे केला. पुढे केलेला पाव न चाखता उंबऱ्यावरून परत जाणं रिवाजात बसत नव्हतं, कालिपा एजेलाही ते शक्य नव्हतं, आणि चाखल्यावर चहा आला, चहामागून मटण आलं.

"सगळी इथेच राहतात?" तिने खोलीभर नजर फिरवली.

"मुलं आहेत, एजे. मावतात," आत्या म्हणाली.

"झोपतात कुठे?"

"पाळीपाळीने," सुयुनबेक म्हणाला. पेरिझातने डोळे मिटून घेतले.

कालिपा एजेने फाइल उघडली, पेन काढलं आणि एल्झादाला जवळ बोलावलं. सुयुनबेकचे ओठ पत्ता पुटपुटत होते.

"कुणाची गं तू?"

या प्रश्नाचं उत्तर आजोबांनी रिवाजाप्रमाणे एल्झादाला तीन वर्षांची असल्यापासून शिकवलं होतं. तिने हात बांधले आणि बापापासून सुरुवात करून सात पूर्वजांची नावं घडाघडा म्हटली. सहाव्या नावाला कालिपा एजेचा हात थांबला.

"हे नाव माझ्याही सात पूर्वजांत आहे," ती म्हणाली. "आत्या, तुम्ही माझ्या कोण?"

हिशोब लावायला तासभर लागला. सुयुनबेकची ती निघाली बहीणच, आणि मामेबहीण नव्हे, मावसबहीण नव्हे, वडिलांकडूनची. आता अकराही मुलं तिचीच लेकरं झाली. स्वतःच्या लेकरांची नावं कोण खोडणार?

"घेते," ती म्हणाली. "पण माझी नोकरी सांभाळा. मुलं रोज सकाळी सात वाजता या घराच्या फाटकातून निघताना मला दिसली पाहिजेत. जे मूल दुसऱ्या वाटेने आलं, त्याचं नाव मी स्वतः खोडणार."

"निघताना? शाळा तर कोपऱ्यावर आहे, एजे," सुयुनबेक म्हणाला.

"कोपऱ्यावरची भरली. यांच्यासाठी नवा वर्ग काढलाय, आमच्याच शाळेचा. शिक्षिका आमची, वह्या आमच्या. खोल्या तेवढ्या दुसरीकडे मिळाल्यात. तिथली मुलं यंदा कशाने तरी पळाली म्हणे, अख्खा मजला रिकामा आहे. न्यायला बस येईल."

तेव्हापासून सुयुनबेक रोज पहाटे एल्झादाला उठवतो. दोघं पाऊण तास भरलेल्या प्रवासी व्हॅनमध्ये उभ्याने शहर ओलांडून आत्याच्या फाटकाशी पोचतात. कालिपा एजे फाइलवर खूण करते. मग बस एल्झादाला घेऊन शहर परत ओलांडते आणि सुयुनबेकच्या स्वयंपाकघरासमोर उतरवते.

खिडकीत पेरिझात चहा पीत बसलेली असते. ती मुलीला हात करते. घंटा अजून व्हायची असते. ती चार मिनिटं उशिरा होते, म्हणूनच बस वेळेवर पोचते.