पंधरा वेळा एकोणतीस फेब्रुवारी

निरोपाची भाषणं झाली, टाळ्या झाल्या, आणि हातात पुष्पगुच्छ घेऊन उभे असलेले गेटवाले काका शांतपणे म्हणाले, "पण माझी साठी अजून पंधरा दिवसांनी आहे."

सगळ्यांच्या माना प्रोग्रामरबाईंकडे वळल्या. कामगारांची निवृत्तीची तारीख काढणारा नवा प्रोग्राम बाईंचाच. जन्मतारीख टाकायची की उत्तर हजर! अख्ख्या कारखान्याने केलेल्या कौतुकामुळे बाई महिनाभर जरा हवेतच होत्या. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, गुणिले साठ, तेवढे दिवस आज भरले, असं त्यांनी काकांना ठसक्यात समजावलं.

"अहो ताई, एवढ्या वर्षांत पंधरा वेळा एकोणतीस फेब्रुवारी आली," काका म्हणाले. "त्या दिवशी मी जगत नव्हतो की काय?"

बाईंनी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून खऱ्या कॅलेंडरने मोजलं. बरोब्बर पंधरा! कारखान्याच्या साहेबांना लगेच आठवलं, मागच्याच आठवड्यात सुतारमामांना असंच घरी पाठवलं होतं. मग त्यांना परत यायचा निरोप गेला, आणि ते घरच्या खाटेचं काम अर्धवट टाकून कुरकुरत परत आले.

काकांनी हे तोंडी कसं मोजलं, याचंच बाईंना नवल वाटत होतं. विचारल्यावर काका संकोचले. त्यांच्या मुलीला इथेच नोकरी लागली होती, येत्या एक तारखेपासून. शाळेत असल्यापासून ती त्यांचा डबा आणायची, पण थांबायची फाटकाबाहेर. बाहेरच्यांना आत सोडायचं नाही, हा काकांचाच दंडक. एकदा तरी आपल्या हाताने तिला फाटक उघडून द्यायचं, म्हणून ते एकेक दिवस मोजत होते. आपण हजारो तारखांची वजाबाकी केली, आणि एकही दिवस असा मोजला नाही, असं बाईंना वाटलं.

एक तारखेला त्या मुद्दाम लवकर आल्या. आठ पन्नास झाले होते. मुलगी नवे कपडे घालून फाटकाशी उभी, आणि आत काका, हात मागे बांधून.

"बाबा, उघडा ना."

"नऊला," काका म्हणाले. "वेळेआधी कुणाला बाहेर काढायचं नाही, तसं आतही घ्यायचं नाही."

बाईही मुलीशेजारी उभ्या राहिल्या. एवढा आदर त्यांना आजवर कुठल्याही यंत्राबद्दल वाटला नव्हता.

नऊचा भोंगा झाला. एरवी माणसांसाठी फाटकाची एकच बाजू उघडत असे. त्या दिवशी काकांनी दोन्ही बाजू सताड उघडल्या.